विचारप्रणालींचे युद्ध आणि 'घर क्रमांक ६/१' : व्हासिली ग्रोसमन यांच्या 'लाइफ अँड फेट' या कादंबरीचा पुनर्विचार

प्रास्ताविक

विसाव्या शतकातील महायुद्धांचा विचार करताना भूप्रदेश, बाजारपेठा व वसाहती या कारणांबरोबरच विचारप्रणालींचा संघर्ष हे कारण पुढे येते. दुसऱ्या महायुद्धाच्या पूर्व आघाडीबाबत तर हे कारण सर्वांत आधी सांगितले जाते. फॅसिझम विरुद्ध साम्यवाद अशी सरळ मांडणी तेथे उपलब्ध असते. वस्तुतः ही मांडणी वाटते तितकी सरळ नाही. २३ ऑगस्ट १९३९ रोजी याच दोन राजवटींनी परस्परांशी अनाक्रमणाचा करार केला होता, पोलंड वाटून घेतला होता, आणि २२ जून १९४१ रोजी जर्मन फौजा सोव्हिएत हद्दीत शिरेपर्यंत दोन्हीकडील वृत्तपत्रांना शत्रूचे नाव घेताना शब्द जपून वापरावे लागत होते. वैर आणि तह, दोन्ही विचारप्रणालीच्या भाषेतच समर्थनीय ठरवले गेले. सामान्य सैनिकाला या दोन्ही भाषा एकामागून एक पाठ कराव्या लागल्या.

या युद्धाची सर्वांत निर्णायक लढाई म्हणजे ऑगस्ट १९४२ ते फेब्रुवारी १९४३ या काळातील स्टॅलिनग्राडची लढाई. मराठी मनाला ही लढाई अपरिचित नाही. अण्णाभाऊ साठे यांनी १९४३ मध्ये 'स्टॅलिनग्राडचा पोवाडा' रचला. मुंबईच्या कामगार वस्त्यांत व्होल्गाकाठचे ते शहर पोहोचले ते असे डफाच्या थापेवर. पोवाडा हा वीररसाचा प्रकार. त्यात बाजू एकच असते आणि ती असलीच पाहिजे. त्या लढाईची कादंबरी मात्र तिच्या मायदेशीच अनेक वर्षे कुलूपबंद राहिली. १९६१ मध्ये अण्णाभाऊ सोव्हिएत रशियाच्या प्रवासाला गेले. त्याच वर्षी १४ फेब्रुवारीला सोव्हिएत गुप्तचर यंत्रणेचे अधिकारी मॉस्कोत व्हासिली ग्रोसमन यांच्या घरी आले आणि 'लाइफ अँड फेट' (मूळ रशियन नाव 'झिझ्न इ सुद्बा', म्हणजे 'जीवन आणि नियती') या कादंबरीची हस्तलिखिते, टंकलिखित प्रती, इतकेच नव्हे तर कार्बन पेपर आणि टंकलेखन यंत्राच्या फितीही घेऊन गेले. लेखकाला मात्र अटक झाली नाही.

प्रस्तुत लेखात या कादंबरीच्या एका प्रचलित वाचनाचा फेरविचार करावयाचा आहे. 'नाझीवाद आणि स्टॅलिनवाद ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत असे सांगणारी कादंबरी' अशी तिची ओळख गेल्या काही दशकांत रूढ झाली आहे. ही ओळख अर्धी खरी आहे, आणि कादंबरीचे जे सर्वांत मोलाचे ते नेमके उरलेल्या अर्ध्यात आहे.

लेखक आणि संहितेची कथा

ग्रोसमन यांचा जन्म १९०५ सालचा, युक्रेनमधील बर्दिचेव्ह या ज्यूबहुल गावातला. शिक्षणाने ते रसायन अभियंता. काही काळ त्यांनी दोनबासच्या खाणपट्ट्यात काम केले. युद्ध सुरू होताच ते 'क्रास्नाया झ्वेझ्दा' ('लाल तारा') या सैन्याच्या दैनिकाचे वार्ताहर झाले आणि स्टॅलिनग्राडच्या लढाईत कित्येक महिने त्यांनी आघाडीवर काढले. त्यांची वार्तापत्रे सैनिक खंदकांत वाचत. पुढे १९६७ मध्ये मामायेव्ह टेकडीवर जे भव्य स्मारक उभारले गेले, त्याच्या भिंतीवर ग्रोसमन यांच्या १९४२ मधील एका वार्तापत्रातील शब्द कोरलेले आहेत. लेखकाचे नाव तेथे नाही.

याच काळात त्यांची आई बर्दिचेव्हमध्येच अडकली होती. सप्टेंबर १९४१ मध्ये तेथील हजारो ज्यूंबरोबर तिची हत्या झाली. १९४४ मध्ये लाल सैन्य ट्रेब्लिंकाला पोहोचले तेव्हा ग्रोसमन सोबत होते. त्या संहार छावणीवरील त्यांचा लेख या विषयावरील अगदी आरंभीच्या लेखनापैकी मानला जातो. सोव्हिएत भूमीवरील ज्यू हत्याकांडाचे दस्तऐवज एकत्र करणारे 'काळे पुस्तक' त्यांनी इल्या एरेनबुर्ग यांच्यासमवेत सिद्ध केले. १९४८ मध्ये त्या पुस्तकाची जुळवलेली छपाई मोडून टाकण्यात आली. मृतांची विभागणी करू नये, सर्व सोव्हिएत नागरिक सारखेच बळी, असे अधिकृत धोरण होते.

'लाइफ अँड फेट' ही १९५२ मध्ये 'नोव्ही मीर' मासिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आधीच्या कादंबरीचा उत्तरार्ध होय. १९६० मध्ये त्यांनी ती 'झ्नाम्या' मासिकाच्या संपादकांकडे सोपवली, आणि पुढे वर सांगितलेली जप्ती झाली. १९६२ मध्ये त्यांनी ख्रुश्चेव्ह यांना पत्र लिहिले; पक्षाचे तत्त्वज्ञ सुस्लोव्ह यांची भेट मिळाली. हे पुस्तक दोनशे वर्षे तरी छापता येणार नाही, असे त्या भेटीत त्यांना ऐकावे लागले, अशी आठवण सांगितली जाते. (पुस्तक निरर्थक असेल तर दोनशे वर्षांची भीती कशाला, हा प्रश्न त्या दालनात कोणी विचारला नसावा.) १९६४ मध्ये कर्करोगाने ग्रोसमन यांचे निधन झाले. मित्रांनी जपून ठेवलेल्या प्रतीची सूक्ष्मपटे देशाबाहेर गेली. १९८० मध्ये लोझान येथे रशियन आवृत्ती, १९८५ मध्ये रॉबर्ट चँडलर यांचा इंग्रजी अनुवाद, आणि १९८८ मध्ये खुद्द मॉस्कोत 'ओक्त्याब्र' मासिकातून प्रकाशन झाले. जप्त केलेली हस्तलिखिते अभिलेखागाराकडे सुपूर्द व्हायला २०१३ साल उजाडले.

हा तपशील येथे विस्ताराने दिला तो एका कारणासाठी. कादंबरी पाश्चात्त्य वाचकांच्या हाती पडली ती शीतयुद्धाच्या अखेरच्या दशकात. १९८६ मध्ये जर्मनीत एर्न्स्ट नोल्ट यांच्या लेखामुळे नाझी अत्याचार हे बोल्शेविक अत्याचारांच्या भीतीपोटी आले का, असा इतिहासकारांचा वाद पेटला आणि हाबरमास यांनी त्याला कडाडून विरोध केला. अशा वातावरणात 'लाइफ अँड फेट'मधील एक प्रसंग सुटा काढून उद्धृत होऊ लागला यात आश्चर्य नाही. तो प्रसंग म्हणजे लिस आणि मोस्तोव्स्कॉय यांचा संवाद.

आरसा कोणाच्या हातात?

मोस्तोव्स्कॉय हा लेनिनच्या काळातला जुना बोल्शेविक. तो जर्मन छावणीत कैदी आहे. एका रात्री एसएसचा अधिकारी लिस त्याला बोलावून घेतो. मारहाण होईल अशी मोस्तोव्स्कॉयची अपेक्षा. प्रत्यक्षात लिस त्याच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलू लागतो. आपण एकमेकांकडे पाहतो तेव्हा आरशात पाहत असतो, तुम्ही आमचे गुरू आहात, तुमच्या विजयातही आमचाच विजय आहे, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. मोस्तोव्स्कॉय हादरतो. एखाद्याच्या बोलण्यात तथ्य नसते तर इतके हादरण्याचे कारण नव्हते, हे त्यालाही कळते.

प्रसंग विलक्षण ताकदीचा आहे यात शंका नाही. परंतु येथे समीक्षेने पहिला प्रश्न विचारायला हवा तो वक्त्याचा. हे विधान निवेदकाचे नाही. ते एका संहार यंत्रणेच्या अधिकाऱ्याचे आहे आणि ते त्याच्या सोयीचे आहे. समोरचाही आपल्यासारखाच आहे असे ठरले की स्वतःच्या कृत्याचे ओझे निम्मे होते. लिसला मोस्तोव्स्कॉयकडून कबुली हवी आहे. ती कबुली म्हणजे त्याच्यापुरते पापमोचन आहे. कादंबरीतील सर्वांत चतुर माणसाचे बोलणे हेच कादंबरीचे मत समजणे, ही चूक दोस्तोयेव्हस्कीच्या वाचकांकडूनही वारंवार झाली आहे.

यावर एक आक्षेप येऊ शकतो आणि तो हलका नाही. लिसचे म्हणणे कादंबरीतील पुढच्या घटनाच खरे ठरवतात, असा तो आक्षेप. छावणीतील कैद्यांचे गुप्त संघटन मेजर येर्शोव्ह या धाडसी, लोकप्रिय माणसाभोवती उभे राहत असते. तो कुलाक ठरवून हद्दपार केलेल्या कुटुंबातला, पक्षाबाहेरचा. त्याचे नेतृत्व पक्षनिष्ठांना खुपते, आणि ते त्याचे नाव बुखेनवाल्डला पाठवायच्या यादीत घुसवतात. जर्मनांच्या कैदेत असताना, जर्मनांच्याच यंत्रणेचा वापर करून, स्वतःच्या सहकाऱ्याचा काटा काढला जातो. मोस्तोव्स्कॉयला हे कळते तेव्हा तो अस्वस्थ होतो, पण मान तुकवतो. लिसने तासभर बोलून जे सिद्ध केले नाही ते येथे काही ओळींत सिद्ध होते.

हे मान्य करावेच लागेल. दोन राजवटींच्या कार्यपद्धतीतील साम्य ग्रोसमन लपवत नाहीत. याद्या, निष्ठेच्या चौकशा, माणसाला त्याच्या कुळावरून ओळखणे, या गोष्टी कादंबरीत दोन्ही बाजूंना दिसतात. परंतु साम्याची ही जाणीव कादंबरीत आणखी एका ठिकाणी, आणखी एका तोंडून येते, आणि तिच्याकडे समीक्षकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. सैबेरियातील सोव्हिएत श्रमछावणीत अबार्चुक हा कट्टर पक्षनिष्ठ कैदी आहे. रुग्णालयात पडलेला त्याचा जुना गुरू मगार त्याला सांगतो की आपण स्वातंत्र्य म्हणजे काय हेच समजून घेतले नाही, ते आपण चिरडले, आणि सारे पुढचे त्यातूनच आले. अबार्चुकला हे ऐकवत नाही. थोड्याच वेळात मगारचाही अंत होतो.

लिस आणि मगार एकाच वास्तवाकडे बोट दाखवतात. पण लिस सांगतो : आपण सारखे आहोत, म्हणून कोणीच दोषी नाही. मगार सांगतो : आपण दोषी आहोत. पहिल्या वाक्यात तुलना आहे, दुसऱ्यात पश्चात्ताप. समतेचा सिद्धान्त उद्धृत करणाऱ्यांना लिस आठवतो आणि मगार आठवत नाही, ही बाब त्या सिद्धान्ताविषयीच बरेच काही सांगून जाते.

घर क्रमांक ६/१

दोन्ही पक्ष सारखेच असते तर स्टॅलिनग्राडमध्ये लढण्यासारखे काही उरले नसते. कादंबरीचे उत्तर या ठिकाणी आहे, आणि ते तत्त्वचर्चेतून येत नाही, एका पडक्या इमारतीतून येते.

शहराच्या मध्यभागी जर्मनांनी जवळजवळ वेढलेले एक घर आहे, क्रमांक ६/१. ऐतिहासिक स्टॅलिनग्राडमध्ये सार्जंट पावलोव्ह यांच्या नावाने प्रसिद्ध झालेले, ५८ दिवस लढवलेले घर होते. ग्रोसमन यांच्या कल्पनेला त्याचा आधार असावा. मात्र कादंबरीतील घर वीरगाथेतील घरासारखे नाही. कॅप्टन ग्रेकोव्ह तेथे प्रमुख आहे, सारे त्याला थट्टेने 'घराचा व्यवस्थापक' म्हणतात. तो वरिष्ठांना नियमित अहवाल पाठवत नाही. येथे माणसे ढेकूण, संगीत, शेती, प्रेम, काहीही बोलतात; पद पाहून बोलत नाहीत. मृत्यू इतका जवळ आहे की कोणाला कोणाची भीती उरलेली नाही. विचारप्रणालीची भाषा या चार भिंतींत शिरतच नाही, आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, हे लोक सर्वांत चिवटपणे लढतात.

तेथे कमिसार क्रीमोव्ह पाठवला जातो तो हा 'बेशिस्तपणा' मोडून काढण्यासाठी. सैनिक त्याला सामूहिक शेती मोडीत निघेल का, असले प्रश्न विचारतात. आपल्याला काय हवे, या प्रश्नाला ग्रेकोव्हचे उत्तर एका शब्दाचे आहे : स्वातंत्र्य, आणि त्यासाठीच तो लढतो आहे. क्रीमोव्हला हे शत्रूचे बोलणे वाटते. रात्री एक गोळी क्रीमोव्हच्या डोक्याला चाटून जाते. ती ग्रेकोव्हनेच झाडली असा त्याचा समज होतो. ग्रोसमन हा संशय शेवटपर्यंत फेडत नाहीत. क्रीमोव्ह ग्रेकोव्हविरुद्ध अहवाल देतो. घर मात्र जर्मन हल्ल्यात आतल्या माणसांसह जमीनदोस्त होते. अहवाल उरतो, ज्याच्याविषयी तो आहे तो उरत नाही.

त्याआधी ग्रेकोव्हने एक गोष्ट केलेली असते. रेडिओ यंत्र सांभाळणाऱ्या कात्या या मुलीवर त्याचाही डोळा असतो. ती तरुण सेर्योझाकडे ओढली गेली आहे हे दिसताच तो दोघांना एकत्र घराबाहेर रवाना करतो. अधिकाराचा एकच वापर त्याला करता आला, आणि तो त्याने स्वतःच्या इच्छेविरुद्ध केला. ग्रेकोव्हच्या 'स्वातंत्र्य' या शब्दाचा अर्थ वाचकाला कळतो तो या हुकुमावरून, क्रीमोव्हशी झालेल्या वादावरून तितकासा नाही.

हे घर कादंबरीचे केंद्र मानले की बाकीची प्रकरणे वेगळ्या प्रकाशात दिसतात. रणगाडा तुकडीचा सेनानी नोव्हिकोव्ह निर्णायक चढाईच्या वेळी वरून येणाऱ्या तगाद्यांना न जुमानता आपले रणगाडे आठ मिनिटे थोपवून धरतो, कारण शत्रूच्या तोफा अजून पुरत्या गप्प झालेल्या नाहीत. आठ मिनिटांत शेकडो पोरे वाचतात. राजकीय अधिकारी गेटमानोव्ह भारावून त्याला मिठी मारतो, आणि नंतर त्याच आठ मिनिटांची तक्रार वर पाठवतो. गेटमानोव्हच्या या दोन्ही कृती प्रामाणिक आहेत. त्याचे व्यक्तिचित्र इतके अस्सल उतरले आहे ते यामुळेच.

आणि मग विजय येतो. पाउलसच्या सैन्याला वेढा पडतो त्या क्षणी निवेदक थांबून सांगतो की येथे केवळ जर्मन सैन्याचे भवितव्य ठरले नाही. काल्मिक, क्रिमियन तातार, चेचेन, बाल्कार यांच्या हद्दपारीचेही भवितव्य येथेच ठरले. (या हद्दपाऱ्या १९४३ च्या अखेरीपासून १९४४ पर्यंत प्रत्यक्षात झाल्या.) लोकांनी जिंकलेली लढाई राज्यसंस्थेने आपल्या खाती जमा केली. क्रीमोव्हला विजयाच्या उंबरठ्यावर अटक होते आणि तो लुब्यांकाच्या तुरुंगात पोहोचतो. नोव्हिकोव्हलाही मॉस्कोचे बोलावणे येते. घर क्रमांक ६/१ मध्ये जे काही आठवड्यांपुरते घडले होते ते शत्रूच्या बाँबने नष्ट झाले, हे एका अर्थी त्याचे भाग्यच. अन्यथा ते स्वकीयांनी नष्ट केले असते. लिसचे 'तुमच्या विजयातही आमचा विजय' हे वाक्य येथे पुन्हा आठवते. पण लिसला ६/१ माहीत नव्हते, आणि त्याच्या आरशात ते दिसण्यासारखे नव्हते.

स्वाक्षरी

कादंबरीतील दुर्बल भागांचाही निर्देश करावयास हवा. छावणीतील इकोन्निकोव्ह हा विक्षिप्त कैदी संहार छावणीच्या बांधकामात सहभागी होण्यास नकार देतो आणि मारला जातो. त्याने लिहिलेले टिपण 'निर्हेतुक दयाबुद्धी'चे तत्त्वज्ञान मांडते, आणि अनेक वाचकांना ते कादंबरीचे सार वाटते. कलादृष्ट्या मात्र ते टिपण नकोसे लांबते. जे सोफ्या लेव्हिंटन या स्त्री डॉक्टरच्या कृतीतून दिसते, त्याचे भाष्य पुन्हा करण्याची गरज नव्हती. गॅस चेंबरच्या वाटेवर डॉक्टरांनी रांगेबाहेर यावे अशी हाक येते. ती गप्प राहते, कारण तिने एका अनोळखी मुलाचा, डेव्हिडचा, हात धरलेला असतो. ग्रोसमन यांच्यातील निबंधकार त्यांच्यातील कादंबरीकारावर अधूनमधून कुरघोडी करतो. टॉलस्टॉयचा वारसा सांगणाऱ्या लेखकाला हा दोषही वारशातच मिळाला असावा.

याउलट भौतिकशास्त्रज्ञ श्त्रुम याच्या कथेत एकही वाक्य जास्तीचे वाटत नाही. त्याच्या आईचे वस्तीतून आलेले अखेरचे पत्र हे कादंबरीतील एक पूर्ण प्रकरण आहे. ते वाचताना ग्रोसमन यांनी कादंबरी आईला अर्पण केली आहे, आणि तिच्या मृत्यूनंतर १९५० व १९६१ मध्ये तिला उद्देशून पत्रे लिहिली, हे विसरता येत नाही. श्त्रुमवर संस्थेत टीकेची झोड उठते. माफी मागण्याच्या सभेला तो जात नाही. नोकरी, घर, कदाचित जीवही जाईल अशा भीतीत दिवस काढतो, पण वाकत नाही. मग अचानक स्टॅलिनचा दूरध्वनी येतो आणि सारे बदलते. कालपर्यंत टाळणारे सहकारी अदबीने बोलू लागतात. आणि आता, सुरक्षित झाल्यावर, त्याच्यापुढे सहीसाठी एक कागद येतो : निरपराध डॉक्टरांवरील खोट्या आरोपांना दुजोरा देणारे पत्र. श्त्रुम सही करतो.

धमकीला न वाकलेला माणूस स्नेहाने वाकतो, हे निरीक्षण विचारप्रणालींच्या अभ्यासात दुर्मीळ आहे. सत्ता भीतीवर चालते हे सर्वांनी सांगितले. ती आपलेपणावरही चालते, पुन्हा एकटे पडायला नको या इच्छेवरही चालते, हे ग्रोसमन यांनी दाखवले. त्यांना ते ठाऊक होते. १९५३ च्या आरंभी, ज्यू डॉक्टरांवर कटाचे आरोप झाले त्या दिवसांत, त्यांनी स्वतः अशाच एका पत्रावर सही केली होती. कादंबरीत त्यांनी श्त्रुमला माफ केलेले नाही आणि फासावरही चढवलेले नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याला त्या सहीसह जगावे लागते, एवढेच. आईचे पत्र त्याच्याजवळ असते.

शेवटच्या भागातील एक लहान प्रसंग नोंदवून ठेवावा. स्टॅलिनग्राड जिंकल्यावर जर्मन कैद्यांकडून तळघरातील प्रेते बाहेर काढली जात आहेत. एका मुलीचे प्रेत दिसते. जमलेल्यांतली एक बाई वीट उचलून एका जर्मन अधिकाऱ्याकडे जाते. तिला थांबवण्याची कोणाचीच इच्छा नाही, ताकदही नाही. ती त्याच्यापर्यंत पोहोचते आणि खिशातला पावाचा तुकडा त्याच्या हातात देते. पुढे ती स्वतःशीच म्हणत राहते की आपण असे का केले ते आपल्याला कळत नाही. प्रेते बाहेर काढण्याचे काम चालूच असते.